आबांच्या फळ्यावरची एक खोटी ओळ

रंगराव इंगवले यांना, म्हणजे आमच्या आबांना, मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते आपल्याच फाउंड्रीच्या गेटवर उभे राहून आपलीच बदनामी लिहीत होते. अंगात खाकी हाफ शर्ट, हातात खडू आणि समोर शाळेत असतो तसला काळा फळा. नव्वदचे दशक नुकते लागले होते. मी आयटीआयमधून टर्नर होऊन सहा वर्षे दुसऱ्यांच्या मशीनवर राबलो होतो. मग उद्यमनगरात एक भाड्याची शेड आणि एक जुना लेथ घेऊन बसलो आणि काम मागत शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सायकलवरून फिरू लागलो. फळ्यावर लिहिले होते : 'हाउसिंग. काल ओतली चाळीस. चांगली एकतीस. नऊ गेली. कारण, वाळू ओली. पुण्याची गाडी मंगळवारी नाही, गुरुवारी सुटेल.'

मी सायकल धरून वाचत राहिलो. गृहस्थ वळले.

"पावणं, कुणाकडं?"

"इंगवले साहेबांस्नी भेटायचं हुतं."

"भेटलासा की. बोला."

मी काम मागायला आलो होतो; पण तोंडातून भलतेच निघाले. "साहेब, नऊ गेली हे गेटवर कशाला लिवलंय?"

"मग कुठं लिवायचं? तिजोरीत? ज्येला माल घ्यायचाय त्येला कळाय नको व्हय?" ते म्हणाले. मग माझ्या हातांकडे आणि सायकलकडे पाहून विचारले, "लेथ किती हाईत?"

"एकच. जुना हाय."

"जुना हाय हे आपणहून सांगितलंसा. या आत."

त्या दिवशी मला सहा नग तासायला मिळाले. उद्यमनगरात मला सगळे 'ए कांबळे' अशी हाक मारत. आबांनी दुसऱ्या भेटीपासून सुधाकर म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत.

आबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला 'आबांचे कार्य आणि मूल्ये' असा विषय दिला, तेव्हा मी लगेच होकार दिला. त्यानंतर दोन महिने मला जागेवर बसवले नाही. हा लेख मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. कामगार विचारू लागले, मालक, येरझाऱ्या का घालताय? कारण असे की, आबांच्या फळ्यावर आजवर जे जे लिहिले गेले ते खरे होते, असे आपण सगळे धरून चालतो. त्यात एक ओळ खोटी होती. लिहिली आबांनी, पण खोटी केली मी. त्या ओळीने एका उत्तम कारागिराचा हात कायमचा थांबवला. ती गोष्ट गाळून आबांची मूल्ये कशी लिहायची, हे मला काही केल्या जमेना. म्हणून ती लिहिणार आहे. पण आधी फळ्याची महती सांगायला हवी, नाहीतर त्या ओळीचे वजन कळणार नाही.

आमचा धंदा एका माणसाचा नाही. पुण्याची कंपनी इंजिने बनवते. तिला इंजिनाचे लोखंडी घर लागते, त्यालाच आम्ही हाउसिंग म्हणतो. त्याचा लाकडी नमुना सुतार मिस्त्री घडवतात, फाउंड्रीवाले त्यावरून लोखंड ओततात, माझ्यासारखे शेडवाले ते तासून भोके पाडतात आणि टेम्पोवाले पुण्याला पोचवतात. इतके हात एका मालाला लागतात आणि त्या काळी यातला एकही हात दुसऱ्याशी खरे बोलत नसे. गाडी दारात रिकामी उभी असायची आणि फोनवर सांगायचे, 'गाडी सुटलीया, पेठनाक्याला पोचली असंल.' शेडवाला 'उद्या देतो' म्हणायचा; त्याचा उद्या कधी उगवेल हे त्यालाही ठाऊक नसे. फाउंड्री उशीर करणार हे धरून कंपनी शंभर लागत असताना दीडशे मागायची. कंपनी वाढवून मागते हे धरून फाउंड्री ऐंशीच ओतायची. मग एखाद्या महिन्यात कंपनीला खरोखरच दीडशे लागत आणि सगळे एकमेकांच्या नावाने शंख करीत बसत. चोराच्या मनात चांदणे, तसे आमचे झाले होते. फरक इतकाच की, इथे सगळेच चोर होते आणि चोरी कुणाच्याच फायद्याची नव्हती.

आबांनी हे सगळे तत्त्वज्ञान म्हणून मोडले नाही. त्यांना खोट्या तारखा लक्षात ठेवायचा कंटाळा होता, असे ते सांगतात. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, गाडी कुठवर आली? आबा म्हणाले, "दारात हाय. नऊ नग कमी हाईत, म्हणून सोडली न्हाय. गुरवारी सोडतो." साहेब इतके चिडले की त्यांनी फोन आपटला. उद्यमनगरात दोन दिवस हसण्याचा विषय झाला : आबांनी घरची धुणी गेटवर वाळत घातली म्हणून. पण गुरुवारी गाडी खरोखरच सुटली. पुढे पुढे साहेब इतर चार फाउंड्र्यांना दोनदोन फोन करीत आणि आबांना एकच. कंपनीने नवा नग काढला तेव्हा तो कुठे द्यायचा यावर त्यांच्या ऑफिसात चर्चासुद्धा झाली नाही, असे त्या साहेबांनीच मला नंतर सांगितले.

सोमवार हा आमच्याकडे सुट्टीचा वार. त्या दिवशी सकाळी आबा सगळ्यांना फाउंड्रीतल्या चिंचेखाली बोलवत. मिस्त्री, वाळूवाले, आम्ही शेडवाले, टेम्पोवाले. भडंग आणि चहा. पुण्याहून आलेला महिन्याचा फॅक्स आबा मोठ्याने वाचून दाखवत, अगदी खालच्या सहीपर्यंत. गिऱ्हाइकाचा कागद आमच्यासारख्या बाहेरून काम करून देणाऱ्या जॉबवाल्याला दाखवायचा नाही, हा इथला अलिखित कायदा. नाहीतर तो आपल्याला डावलून थेट गिऱ्हाइकाकडे जातो. आबा म्हणत, "जाऊ दे की. गेला तर तिथं बी खरं बोलाय शिकंल." वाचून झाले की ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत : "तुझ्याकडं काय अडचण हाय, आन ती कवा सांगणार हाईस, आत्ता का मागनं?"

आबांना राग लवकर येतो, हे या ग्रंथात दुसरे कुणी लिहील असे मला वाटत नाही, म्हणून मीच लिहितो. त्यांचा आवाज हायवेपर्यंत जातो. एकदा त्यांनी एका टेम्पोवाल्याला सगळ्यांदेखत वाटेल ते सुनावले. मग कळले की उशीर त्याचा नव्हता, चलन करणाऱ्या आमच्याच माणसाचा होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मालाच्या हिशेबाखाली ओळ होती : 'काल शिंद्यांना बोललो ते चुकीचे. उशीर ऑफिसचा.' शिंदे ती ओळ दाखवायला बायकोला घेऊन आले होते.

आणि पुण्याचा प्रवास. तीन-चार वर्षे काम केल्यावर आबा एक दिवस मला म्हणाले, बुधवारी इस्त्रीचा शर्ट घाल, आपल्याला कंपनीत जायचंय. शेडवाल्याला कंपनीत नेणे म्हणजे कोंबडीने कोल्ह्याला खुराडे दाखवण्यापैकी, असे त्यांच्या नातलगांनी त्यांना माझ्यादेखत सांगितले. तरी आबा मला घेऊन गेले. मोठ्या टेबलाभोवती साहेब लोक बसलेले. एकाने विचारले, हे कोण? आबा म्हणाले, "भोकं हे पाडत्यात. भोकाबद्दल इचारायचं तर ह्यास्नी इचारा. मला त्यातलं कळत न्हाय." साहेबांनी पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. आबांनी माझी खुर्ची हाताने आणखी पुढे, टेबलाला लागेपर्यंत सरकवली. आमच्या बौद्धवस्तीतून मशीन घेऊन धंद्यात उतरलेला मी पहिला. घरी आल्यावर आईला ते टेबल किती लांब होते हे सांगताना मला रडू आले.

हे अशासाठी सांगितले की, पुढे मी जे केले ते अशा माणसाशी केले.

आमच्या कामात एक सवय आहे. तिला कुणी खोटेपणा म्हणत नाही, उलट हुशारी म्हणतात. मागच्याने चूक केली, तर ती त्याला न सांगता आपल्या जागी जुळवून घ्यायची. भोके बरोबर जागी पडावीत म्हणून आम्ही ओतीव नग एका लोखंडी चौकटीत घट्ट बसवतो. तिला जिग म्हणतात. नग थोडा वाकडा आला तर चौकटीत एका बाजूला पत्र्याची पट्टी सरकवायची. नग तेवढा हलतो आणि भोक जागेवर येते. याला पॅकिंग म्हणतात. प्रत्येक शेडमध्ये अशा पट्ट्यांचा डबा असतो. सांगायला गेलो तर वाद, माल थांबणार, फाउंड्रीवाल्याचे तोंड वाकडे होणार. त्यापेक्षा पट्टी घाला आणि पुढे चला.

नव्वदचे दशक सरत आले होते. हाउसिंगच्या आतली पोकळी एका अंगाला सुताएवढी, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाइतकी, सरकलेली मला दिसली. पोकळीसाठी वाळूचा गाभा ज्या लाकडी पेटीत बनवतात, तिला कोअर बॉक्स म्हणतात. ती पेटी झिजली असणार. मी जिगमध्ये पट्टी घातली. भोके पोकळीला जुळली, माल पास झाला. मी आबांना सांगितले नाही. फळ्यासमोरून रोज सायकल काढणारा, सोमवारी भडंग खाणारा मी, सांगितले नाही. आबांचा नग वाकडा आहे असे म्हणण्याचा संकोच वाटला, असे मी स्वतःला सांगत असे. खरे म्हणजे पट्टी घालून वेळ निभावली याचा मला अभिमान वाटत होता.

काही आठवड्यांनी आबांनी त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे लॉटमधला एक नग मधोमध कापून पाहिला आणि त्यांना स्वतःलाच ती चूक दिसली. त्यांनी श्रीपती मिस्त्रींना बोलावले. श्रीपती सुतार हे कागलचे. तीस वर्षे आबांचे सगळे लाकडी नमुने त्यांच्या हातचे. मिस्त्रींनी पेटीला नवी लाकडी पट्टी जोडली, तीन वेळा मोजली. सोमवारी चिंचेखाली आबांनी जाहीर केले, "हाउसिंगचा कोअर बॉक्स दुरुस्त केलाय. उद्यापासनं नवा माल. कुणी आपल्याकडं काय फेरफार केल्यालं असंल तर आत्ताच सांगा." माझ्याकडे पाहिले, तसे सगळ्यांकडेच पाहिले. मी भडंग खात राहिलो. मनात म्हटले, उद्या गुपचूप पट्टी काढून टाकू. कुणाला कळायचेही नाही.

मंगळवारी पहाटेच बेळगावहून निरोप आला की एक जुने ड्रिल मशीन विकायला निघाले आहे, लगेच या. मी गेलो. तीन दिवस तिथेच अडकलो. पट्टी काढायला सांगायचे तर ती का घातली तेही सांगावे लागले असते, म्हणून शेडमधल्या माणसालाही काही बोललो नव्हतो. परतलो तेव्हा नवा माल भोके पाडून पुण्याला रवाना झाला होता. मी जिग उघडला. पट्टी जागेवर होती, म्हणजे आता सरळ आलेला नग तिने उलट वाकडा बसवला होता. ती काढून मी खिशात घातली. फोन शेजारच्या शेडमध्ये होता, तो उचलला नाही. नजरेतून सुटेल, पास होईल, असे म्हणत बसलो.

लॉट परत आला. भोके आणि पोकळी जुळत नाहीत, असा शेरा. साहेब लोकांनी मापे घेतली होती ती माझ्याच मशीनवर, त्याच पट्टीसकट तासलेल्या बाजूंवरून. त्यामुळे भोके जागच्या जागी आणि पोकळीच सरकलेली दिसत होती. फाउंड्रीच्या पटांगणात आबा, श्रीपती मिस्त्री आणि मी उभे होतो. मिस्त्री पुन्हा पुन्हा एकाच नगावर बोट फिरवत होते. आबांनी मला विचारले, "सुधाकर, तुझ्याकडं काय न्हाय न्हवं?"

"न्हाय, आबा."

इतकेच. या दोन शब्दांना अकरा वर्षे झाली.

का म्हणालो? त्या वेळी मनात जे आले ते लिहितो, सबब म्हणून नव्हे. इंगवल्यांचा पोरगा चुकला तर लोक म्हणतात, पोरगा चुकला. मी चुकलो तर म्हणतील, बघा, ह्यांना मशीनवर बसवले की असेच होणार. आमची चूक एकट्याची राहत नाही, वस्तीला चिकटते. ही भीती खोटी नव्हती. पण त्या पटांगणात ज्या माणसाने मला विचारले, त्याने तसे कधीच म्हटले नसते, हे मला पक्के ठाऊक होते. ठाऊक असून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ आली : 'हाउसिंगचा लॉट परत आला. कोअर बॉक्सची दुरुस्ती चुकली. दोष आमचा.' आबांनी 'आमचा' लिहिले होते, मिस्त्रींचे नाव घातले नव्हते. पण कोअर बॉक्सला हात कुणी लावला होता, हे साऱ्या वसाहतीला माहीत होते. श्रीपती मिस्त्री ती ओळ वाचत बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन आबांना म्हणाले, "माझं माप चुकलं म्हंजी डोळं गेलं, आबा. आता लाकडाला हात लावणं बरं न्हवं." आबांनी खूप समजावले. मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उचलली आणि कागलची बस धरली. आबांनी नवा अॅल्युमिनियमचा बॉक्स बाहेरून करून घेतला. तोवर माझी पट्टी निघालेली होती, त्यामुळे माल आपोआप बरोबर येऊ लागला आणि मिस्त्रीच चुकले यावर शिक्का बसला.

त्यानंतर माझे चांगले चालले, हे सांगताना लाज वाटते. दोन मशीनची सहा झाली. सायकलची स्कूटर झाली. मोबाइल आले, ईमेल आले. पुण्याचे वेळापत्रक आता कॉम्प्युटरवर येते; आबांच्या सूनबाई ते छापून देतात आणि आबा ते खडूने फळ्यावर उतरवतात. कुणी म्हणाले, आबा, आता सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतंय की. आबा म्हणाले, "कॉम्प्युटरवर बी माणूसच लिवतोय न्हवं? खोटं असंल तर लवकर पोचंल, एवढाच फरक." त्या वाक्याला सगळे हसले. मीही हसलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. पट्टी माझ्या टेबलाच्या खणात होती. फळ्यासमोरून जाताना मी अकरा वर्षे दुसऱ्या बाजूला पाहत आलो.

गेल्या महिन्यात चौथा कागद फाडल्यावर मी ती पट्टी घेऊन आबांकडे गेलो. ते ऑफिसात एकटेच होते. पट्टी टेबलावर ठेवली.

"पत्रा हाय," आबा म्हणाले.

"माझ्या जिगमधला. हाउसिंगचा लॉट परत आलता, तवाचा."

पुढे काही समजावून सांगावे लागले नाही. सारे आयुष्य या कामात गेलेल्या माणसाला तेवढे पुरे झाले. मी त्यांच्या आवाजाची वाट पाहत होतो. ओरडले असते तर बरे वाटले असते. ते ओरडले नाहीत.

"म्हंजी फळ्यावर मी खोटं लिवलं."

"चूक माझी हुती, आबा."

"तुझी चूक तुझ्याजवळ ठेव. खडू माझ्या हातात हुता. माझ्या हातानं तू मला खोटं लिवाय लावलंस." मग म्हणाले, "आन श्रीपतीला घरला घालवलं."

ते काठी घेऊन उठले. माळ्यावर जुने नमुने रचून ठेवलेले असतात. तिथून तो लाकडी कोअर बॉक्स काढायला लावला. अकरा वर्षांची धूळ पुसली. ड्रॉइंग काढले आणि स्वतः मापे घेतली. डोळ्यांवर चष्मा, तरी दुसऱ्याला घेऊ दिली नाहीत. दोनदा मोजले. मिस्त्रींचे माप केसाइतकेही चुकलेले नव्हते. आबा तिथेच एका खोक्यावर बसले.

"बरोबर हुता गडी," ते म्हणाले. "आन मी एकदा बी म्हटलं न्हाय, की मिस्त्री, जुनी पेटी पुन्यांदा मोजूया. कंपनीचा कागद आला, आन मी लिवून मोकळा झालो."

आपल्या वाट्याची चूक ते माझ्या चुकीखाली झाकू शकले असते. मी तर तेवढ्याचसाठी समोर उभा होतो.

सोमवारी आम्ही कागलला गेलो. कोअर बॉक्स आबांनी मांडीवर घेतला होता. श्रीपती मिस्त्री घराच्या पायरीवर बसले होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत. बॉक्स हातात देताच त्यांनी आतल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ह्यो माझा," ते म्हणाले.

"मिस्त्री, माप बरोबर हुतं. मी फळ्यावर खोटं लिवलं," आबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले. मग मी सगळे सांगितले. पट्टी, बेळगाव, 'न्हाय, आबा'. मिस्त्रींचा अंगठा त्या कडेवरून जात-येत राहिला. शेवटी ते म्हणाले, "त्या दिसापासनं मी घरात कुणाला सुई सुदीक ओवून दिली न्हाय. म्हटलं, डोळं फसवत्यात." आणि मग माझ्याकडे पाहून, "चांगलं दिसत हुतं की रं मला."

चहा आला. मिस्त्रींनी एक कप माझ्यासमोर सरकवला. माफ केले असे ते म्हणाले नाहीत आणि मी तसे समजून चाललेलो नाही.

परतताना मी आबांना विचारले, हे सगळे गौरवग्रंथात लिहिले तर चालेल का? समितीला वाटेल, पंच्याहत्तरीला हे काय काढले.

"लिव की. पंच्याहत्तर झाली म्हणून आता लपवाय शिकू व्हय?"

मंगळवारी सकाळी त्यांनी गेटवर माझ्या हातात खडू दिला. फळा पुसलेला होता. मी लिहिले : 'हाउसिंगचा जो लॉट परत आला होता, त्यात कोअर बॉक्सचा दोष नव्हता. श्रीपती मिस्त्रींचे माप बरोबर होते. चूक माझ्या जिगमध्ये होती. सुधाकर कांबळे.' पाळी बदलत होती, येणारे-जाणारे थांबून वाचू लागले. आबांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "अर्धंच लिवलंईस. चूक हुतीया सगळ्यांच्यात. सांगितली न्हाईस, ते लिव." मी लिहिले : 'आणि विचारल्यावर सांगितली नाही.' लिहिताना खडू मोडला. मागून आबांनी दुसरा पुढे केला.

त्या मजकुराभोवती आबांनी पांढरी चौकट आखली आहे. रोजचा हिशेब आता उरलेल्या जागेत दाटीवाटीने लिहितात. कुणी माझे कौतुक करावे असे या लेखात काही नाही. सांगण्यासारखे आहे ते हेच की, अकरा वर्षांनी का होईना, खरे बोलायला जावे अशी एक जागा या वसाहतीत होती, आणि ती आबांनी रोज सकाळी खडू घेऊन राखली होती.

शेवटी शुभेच्छा लिहायच्या, तर त्या माझ्या स्वार्थाच्या आहेत. खोटी ओळ फळ्यावरून दुसऱ्या दिवशी पुसली गेली, पण माणसांत अकरा वर्षे राहिली. खरी ओळ त्याच्या दुप्पट राहायला हवी आणि तितकी वर्षे ती वाचायला आबा गेटवर हवेत. हातीपायी धडधाकट, नजर शाबूत, आवाज हायवेपर्यंत पोचणारा. कागलच्या पायरीवर श्रीपती मिस्त्रीही हवेत. मी आता दर सोमवारी तिथे जातो. परवा गेलो तेव्हा नातसून सुई-दोरा घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. दोरा त्यांच्या हातून दोनदा हुकला. मिस्त्रींनी टोक जिभेला लावून पिळले आणि तिसऱ्या वेळी ओवून तिच्या हातात दिला.